चार पावलं लांब

सत्तरच्या दशकात एकदा येरमाळ्याच्या स्टँडवर कळंबच्या गाडीची वाट बघताना बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं कानावर पडलं.

"खाजामियाँ, हैदराबादला तुमी ससे सांभाळायचा म्हणं?"

"व्हय धुळाप्पा. निजामी संपल्यावर डाक्टरसायबाकडं नोकरी लागली. सायेब सशाच्या मेंदूत रक्ताची गुठळी धाडायचे. ससा एका अंगानं लुळा पडायचा. मग गुठळी विरघळायची सुई द्यायचे."

"उठायचे का?"

"कुणी उठायचा, कुणी न्हाय. शबनम म्हणून एक पांढरी मादी होती. दया आली, म्या कोथिंबीर तिच्या तोंडापाशी धरली. सायेब लई भडकले. म्हणले, पाला लांब ठेव, ती चालती का तेच तर बघायचंय."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी पाल्यापाशी गेली की सरकत सरकत! मी रडलो. काय दिवस होते, धुळाप्पा."

"तुमच्या घरी नसीमभाभींच्या अंगावरनं वारं गेलंय. त्यांना मिळंल का ती सुई?"

"अजून माणसापर्यंत कुठं आलीय?"

"आन् त्यांना एकट्यांना घरी सोडून आलात?"

"व्हय. तिचं पानदान खिडकीत ठिवलंय. बाजंपासनं चार पावलं लांब."