सांडनळीतला बोळा

मी तुळशीराम वल्द झिंगाजी, वय २२, जात महार, धंदा कापसाच्या जिनातील बॉयलरवर मदतनीस, शिक्षण मराठी तिसरी, राहणार नांदुरा, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा. आज तारीख १८ जानेवारी १९३४ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, काल सकाळी सात वाजता उत्तमराव देशमुख यांच्या घरचा पाणी तापवण्याचा बंब फुटला आणि त्यांच्याकडे पाणी भरणाऱ्या सोजराबाई भाजल्या. मी गच्चीवर चढून सांडनळीत बोळा कोंबला, म्हणून बंब फुटला, अशी उत्तमरावांची फिर्याद आहे. ती खोटी आहे.

तारीख १६ रोजी सकाळी आठ वाजता मला त्यांनी बोलावले. न्हाणीघरात तांब्याचा बंद बंब आहे. गच्चीवरच्या लोखंडी टाकीतून एक नळ त्यात उतरतो. दुसरी नळी बंबातून गच्चीवर जाऊन अंगणाकडे वळते. तापून फुगलेले पाणी तिने बाहेर पडते. तिला सांडनळी म्हणतात. ती चार दिवस सारखी गळत होती. खालून देवघराची वाट जाते. उत्तमरावांच्या आई अन्नपूर्णाबाई सोवळ्यात देवाचे पाणी नेताना न्हाणीचे थेंब अंगावर पडत आणि त्यांना पुन्हा अंघोळ करावी लागे.

मी टाकी पाहू द्या म्हणालो. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "टाकीले हात लावशीन तर खबरदार. तठूनच पाह्य."

मी अंगणातून पाहिले. सोजराबाईंकडून टाकीत मूठभर हळद टाकवली. टाकी फार भरल्यामुळे पाणी ढकलले जात असेल, तर सांडनळीचे थेंब पिवळे येतील, असा माझा हिशेब होता. उत्तमराव म्हणाले, "बंबाचं लगन लावून राह्यला काय बे?" सगळे हसले.

दुपारी दोनपर्यंत मी मातीच्या परळात थेंब धरले. पाणी नितळ आणि कढत होते. न्हाणीतल्या तोटीची धार करंगळीहून बारीक झाल्याचे सोजराबाईंनी सांगितले. यावरून टाकीचा नळ क्षाराने चोंदला आहे, हे कळले. फुगलेल्या पाण्याला परत टाकीत चढायला वाट नव्हती. ते सर्व सांडनळीने पडत होते.

मी उत्तमरावांना दोनदा सांगितले, "नळ खोलून खरवडेपर्यंत जाळ घालू नका. सांडनळी गळते म्हणून बंब शाबूत आहे. ती बुजवू नका."

ते म्हणाले, "नळ वरून खोला लागते ना? मंग तुह्यानं कसं जमन? खामगावचा मिस्त्री आनतो."

मी घरी आलो. पुढे त्या घरी गेलो नाही.

काल संध्याकाळी दवाखान्यात सोजराबाईंना भेटलो. डोळ्यांवर पट्टी होती. त्या म्हणाल्या, "मोठ्या बाईनं चिंधी देल्ली, म्या कोंबली. पन बापू, खाचं त्याइच्याच घरचं हाय मले." आज जमादारसाहेबांनी त्यांचा जबाब मला वाचून दाखवला. त्यात माझे नाव आहे. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

तारीख १६ लाच मी गच्चीवर टाकीपर्यंत गेलो, असे सर्वजण सांगतात. त्या दिवशी मी अंगणातून निघालो, तेव्हा मी उभा होतो ती फरशी माझ्या देखत दोन घागरींनी धुतली. टाकीला माझा हात लागला असता, तर त्यांनी ती त्याच दिवशी रिकामी करून, घासून, गोमूत्र शिंपडून घेतली असती. काल पंचनाम्याच्या वेळी जमादारसाहेबांनी टाकीतून तांब्याभर पाणी काढले. ते हळदीने पिवळे होते. हे पंचनाम्यात लिहिलेले नाही. ते लिहावे, एवढीच माझी विनंती आहे.

हा जबाब मी ठाण्याच्या पायरीखाली बसून दिला. लिहून झाल्यावर कागद जमिनीवर ठेवण्यात आला. तो मी उचलून शेवटपर्यंत वाचला. मी सांगितले तेच त्यात आहे. मला लिहिता येते, म्हणून अंगठा न लावता सही करतो.

तुळशीराम झिंगाजी