स्वतःचे वाहन असल्यास

आमचं मूळ गाव पुण्याच्या पलीकडे कुठंतरी, मी पाहिलेलं नाही, माझ्या वडिलांनीही पाहिलेलं नाही, पण ग्वाल्हेरात कुणी विचारलं की आम्ही छाती काढून सांगतो, आम्ही दख्खनचे. खापरपणजोबा फौजेबरोबर इकडे आले असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं तलवार घेऊन आले असतील, तर तसं काही नाही, तोफखान्याचे कागद लिहायला आले, आणि तेव्हापासून आमच्या घराण्याचा लोखंडाशी संबंध आला तो विळी आणि अडकित्ता एवढाच. मी स्वतः खिळा ठोकायला घेतला की घरातली माणसं भिंतीपासून लांब जाऊन उभी राहायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी इंजिन उघडल्याचं सांगणार आहे, आणि तुम्हाला वाटायचं हा माणूस थापा मारतो.

विसाव्या वर्षी मी दरबारच्या शिक्षण खात्यात कारकून म्हणून चिकटलो. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, नया बाज़ारातून पायी ऑफिस, पायी घर. जन्म असाच जायचा होता. पण संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि राजधान्या झाल्या दोन, थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. काय सांगू तुम्हाला, दर साल फायलींच्या पेट्या आगगाडीत चढायच्या आणि पेट्यांबरोबर आम्ही. आमच्या घरातली, म्हणजे सुशीला, शहराच्या लश्कर भागात मुलींच्या शाळेत शिकवते, तिला काही खात्याबरोबर इंदूर नव्हतं. म्हणजे निम्मं वर्ष मी खानावळीत आणि निम्मं वर्ष ती एकटी दोन पोरी घेऊन. एकदा परत आलो तर धाकटी मला बघून दारातनं ओरडली, आई, कुणी काका आलेत. सगळे हसले, मीही हसलो, मोठ्यानं हसलो, आणि मग मागच्या अंगणात जाऊन उगाचच तुळशीला पाणी घालत बसलो. तुळशीला तेव्हा पाण्याची काही गरज नव्हती.

बरं, तेही निभावलं. मग राज्यांची नवी मांडणी निघाली, मध्यभारतच संपला, आणि राजधानी भोपाळ. ती कायमची. यादी लागली त्यात माझं नाव होतं. सुशीलानं यादीची गोष्ट ऐकली, पोळी लाटत होती, लाटणं काही थांबवलं नाही, म्हणाली, पूर्वी निम्मा नवरा तरी होता. एवढंच. त्यापेक्षा भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात परिपत्रक आलं. खेड्यापाड्यांतल्या शाळा तपासायला काही माणसं इथंच ठेवायची होती, अर्ज करा, आणि खाली एक ओळ, स्वतःचे वाहन असल्यास. आमचे साहेब तिकडचे, जबलपूरकडचे, शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरारला नव्या ऑफिसात बसायचे. मी गेलो, म्हटलं हुजूर, सायकल आहे. ते म्हणाले, पंडितजी, चालीस मील साइकिल पे जाएंगे तो लौटेंगे किस साल? मोटर हो, मोटरसाइकिल हो, तो दिवाली के बाद पहले सोमवार को, ग्यारह बजे, लाके दिखाइए. चला के दिखाइए. मी म्हणालो, आहे हुजूर. तोंडातून निघून गेलं. टोपी सारखी केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

आता ही मोटरसायकल कुठली, ते ऐका. माझे वडील कंपू मोहल्ल्यातल्या एका सरदारांच्या पदरी होते. जहागिरी गेल्यावर सरदारांनी पुण्याला जायचं ठरवलं आणि घरातलं सामान वाटायला काढलं. त्यांच्या मुलानं लढाईच्या आधी मुंबईहून एक इटालियन फटफटी आणली होती, ती पत्र्याखाली उभी, दहा-बारा वर्षं चालली नव्हती, तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. त्या दिवशी मी थेट तिकडे गेलो. सरदार म्हणाले, अरे, दिवाणखान्यातलं झुंबर घेऊन जा, हे काय मागतोस? मी म्हटलं, झुंबरावर बसून भोपाळ टळत नाही. ते हसले, म्हणाले, ने. हातगाडीवर घालून आणली, कंपू ते नया बाज़ार, अर्धा मोहल्ला मागे. कुणीतरी विचारलं, पंडितजी, बारात किसकी है? 

दसऱ्याला दहा दिवस, त्यानंतर दिवाळी, त्यानंतरचा सोमवार. महिनाभर हातात. शहरातल्या एका मिस्त्रीनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, विलायती, म्हणजे इंग्रजांची, असती तर केली असती, ही कुठली आहे देव जाणे. गाडीबरोबर एक पुस्तक आलं होतं, चित्रं उत्तम, भाषा इटालियन. ते घेऊन मी मुरारच्या गिरजाघरात गेलो, तिथं एक म्हातारे पाद्री होते, रोमात शिकलेले. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि बायबल वाचावं तसं वाचायला सुरुवात केली, मग हिंदीत सांगायचे, मी मराठीत लिहून घ्यायचो. एके ठिकाणी म्हणाले, मेणबत्ती काढून साफ करावी. आम्ही दोघांनी गंभीरपणे चित्रात मेणबत्ती शोधली, निघाला प्लग. अशा तऱ्हेनं चार शनिवार, आणि घरी सुशीला ते सगळं एका वहीत नीट उतरवून काढायची. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, मलाही नाही, त्यामुळे आमचं फार छान जमलं.

घरी आणखी एक गंमत. सुशीला मास्तरीण, तिला पसारा खपत नाही. मी पहिल्या दिवशी सहा पेच काढले आणि सहाही एका वाटीत टाकले, तर ती बघून म्हणाली, अहो, मुलं बेरीज अशी करतात, म्हणून चुकतात. तिनं मागचं अंगण सारवलं आणि रांगोळीचं डबडं आणलं. मी एक वस्तू काढायची, तिनं ती ओळीनं खाली ठेवायची, भोवती रांगोळीची रेघ काढायची आणि शेजारी आकडा. आधी काढलेलं पहिलं, नंतरचं दुसरं. बसवताना उलटं. आठवडाभर आमच्या अंगणात इंजिन असं मांडलेलं होतं की शेजारच्या काकू हळदीकुंकू समजून ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. घासलेटात एकेक वस्तू धुतली, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसली. माझ्या हाताला वास राहिला तो आजतागायत आहे, मला आता घासलेट लावल्याशिवाय जेवण गोड लागत नाही म्हणा ना.

गाडी जोडली, किक मारली, तर गाडीनं मला उलट मारली. पोटरी काळीनिळी. पाद्रीबाबांकडे लंगडत गेलो, पुस्तकात पाहिलं, हँडलवर एक छोटा दांडा होता, किक मारण्याआधी तो मागे घ्यायचा असतो. घेतला. आणि मग काय सांगू तुम्हाला, चौथ्या किकेला ती बोलली. असं बोलली की पलीकडच्या गच्चीवरचे पापड कावळ्यांनी सोडून दिले. सुशीलानं कानावर हात ठेवले आणि हसली, यादीनंतर पहिल्यांदा हसली. मी आनंदानं पुढं वाकलो, आणि त्या गाडीला बाहेरच्या बाजूला एक मोठं उघडं चाक गरगर फिरतं, त्यात माझं धोतर गेलं. गाडी बंद पडेपर्यंत चार हात धोतर तिनं गिळलं. ग्वाल्हेरच्या इतिहासात मोटरसायकलनं नेसतं धोतर सोडून घेतल्याची ही पहिलीच वेळ असावी. त्यानंतर मी पायजमा घालतो, घोट्याला सुतळी बांधून.

सोमवार आला. सुशीला शाळेला निघताना म्हणाली, मी सुट्टी घेऊन थांबू का? म्हटलं, नको, तू असलीस की मी घाबरतो. ती म्हणाली, मी नसते तेव्हाही घाबरता. आणि गेली. दहाला निघालो. स्टेशनपर्यंत अशी चालली की मी दोन टांगेवाल्यांना हात केला. पुढं मैलभर गेलो, आणि ती खोकली, आणि मेली. किक, किक, किक. काही नाही. पाच मिनिटं थांबलो, परत किक, झाली सुरू! अर्धा मैल गेली आणि पुन्हा मेली. साडेदहा वाजून गेले. एक टांगेवाला टांगा थांबवून म्हणाला, बाबूजी, घोड़ा जोत दूँ?

खरं सांगतो, तेव्हा मनात आलं, सोडून द्यावी इथंच, लिंबाला टेकवून, आणि जावं भोपाळला. सगळेच जातात. पण मग डोळ्यांपुढं आलं ते लाटणं, न थांबलेलं. मी कोट काढला, घडी करून दगडावर ठेवला आणि सुशीलाच्या हातची वही उघडली. पहिलं, ठिणगी आहे का पाहावे. प्लग काढला, इंजिनाला टेकवला, किक मारली, ठिणगी निळी, शिवाय एक झटका खांद्यापर्यंत, म्हणजे ठिणगी आहे. दुसरं, पेट्रोल येते का पाहावे. नळी काढली, चार थेंब आले आणि बंद. गाडी हलवली, पुन्हा चार थेंब. टाकीत तर पेट्रोल भरपूर. मग टाकीखालची तोटी उघडली, पेट्रोल सदऱ्याच्या बाहीवर गेलं, जाऊ द्या, आणि तोटीच्या तोंडाशी बघतो तर काय, दोन तांदळाचे दाणे. साधे नव्हेत. कुंकू लावलेले.

लगेच समजलं. खंडेनवमीला आम्ही हिची पूजा केली होती, शस्त्रपूजा घरात पूर्वीपासून, पण शस्त्र म्हणजे विळी, त्या वर्षी पहिल्यांदा मोठं काही होतं, तर मी भक्तिभावानं म्हटलं देवाच्या मुखी नैवेद्य जातो, हिचं मुख कुठलं, आणि टाकीचं झाकण उघडून आत अक्षता वाहिल्या. चिमूटभर. सुशीला म्हणालीही होती, अहो, वरून वाहा. पण आईकडून भटजींचा नातू मी, ऐकतो कशाला. आणि त्यातून तोटीतली बारीक जाळी जोडताना बसवायची राहिली होती, तिच्याभोवतीची रांगोळी मांजरानं पुसली, म्हणून मी ती उरलेली वस्तू समजून फडताळात टाकली होती. एवढा सगळा शहाणपणा एकाच माणसाचा.

आता जाळी नाही, आणि टाकीत आणखी अक्षता आहेत. मी टाकी खाली केली, टांगेवाल्याकडून घोड्याची बालदी मागून घेतली, त्यात पेट्रोल काढलं, पायजम्याचा गुडघ्याजवळचा तुकडा टरकन फाडला, त्यातून गाळून परत भरलं. सत्तावीस दाणे निघाले, मोजले मी. तोटी, नळी, प्लग, उलट्या क्रमानं, वहीत बघून. पहिल्या किकेला चालू. टांगेवाला म्हणाला, वाह बाबूजी. त्या वाहइतकं मोठं पदक मला दरबारानंही दिलं नव्हतं.

मुरारला पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. हात काळे, गुडघा उघडा. शिपायानं मला ओळखलं नाही. साहेब म्हणाले, पंडितजी, ग्यारह कहा था. मी खिशातून दाणे काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हणाले, यह क्या है, प्रसाद? मी म्हटलं, हुजूर, हे पेट्रोलच्या टाकीत होते. कुणी घातले? मीच. काढले कुणी? मीच. कुठं? सडकेवर. ते खिडकीशी गेले, खाली गाडी बघितली, बराच वेळ बघितली. मग म्हणाले, हमारी जीप तीन दिन से बंद खड़ी है, ड्राइवर बोनट खोलके बीड़ी पीता है. लाल पेन्सिल घेतली आणि भोपाळच्या यादीतलं एक नाव खोडलं. खोडताना म्हणाले, अगली बार पूजा बाहर से कीजिए.

मी घरी गेलो नाही, सरळ सुशीलाच्या शाळेवर गेलो. फाटकाशी गाडी आली तशी सगळ्या मुली खिडकीला. ती बाहेर आली, आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, काय झालं? म्हटलं, राहिलो. ती म्हणाली, बरं, घरी जाऊन हात धुवा, इथल्या नळाला लावू नका. असं म्हणून वर्गाकडे वळली, पण दोन पावलं जाऊन थांबली, आणि पदरानं उगाचच खडूचे हात पुसत राहिली. खडू जाईना. मुली खिडकीतून बघत होत्या. मग गेली.

आता वर्ष होत आलं. दर रविवारी अंगणात गाडी उघडायची. दौऱ्यावर ती अजूनही बंद पडते, नाही असं नाही, डबऱ्याकडून एकदा तीन मैल ढकलत आणली. तपासनीस म्हणून मी अगदी कुचकामी, कारण तिचा आवाज मैलभर आधी पोचतो, त्यामुळे आजवर एकही मास्तर मला गैरहजर सापडला नाही, सगळ्या शाळा उत्तम चालल्यात असंच मी लिहितो. भोपाळला गेलेल्यांची पत्रं येतात, घरं पक्की, नळ आत, बढत्या व्हायच्यात. होवोत, सगळ्यांचं भलं होवो, मला आता बढती मिळायची नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही हे लिहून घेताय, तर एवढं शेवटी घाला, म्हणावं, या माणसाचे हात काळे असतात, कपड्यांना वास येतो, आणि घरात शिरल्याबरोबर त्याला मोरीत उभं करतात. पण तो रोज संध्याकाळी घरात शिरतो.