पुढची उजवी सीट

...आणि गाडीच्या पुढच्या उजव्या सीटवर घरातल्या मुलीनं बसायचं नाही! डावीकडे बसा, मागे बसा, डिकीत सामानाबरोबर बसलात तरी सरी, चालेल, पण स्टिअरिंगमागे नाही! का? विचारायचं नाही! बाबा गेल्यापासून आमच्या घरात गुरुराजकाका बोलतील तो कायदा, आणि त्या कायद्याला कलम एकच... विचारायचं नाही! बरं, लायसन्स आहे हो माझ्याकडे! काकांनीच काढायला लावलं. कशाला? पत्त्याचा पुरावा म्हणून! तुम्हाला सांगते, बँकेत कागद दाखवता यावा म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत आठचा आकडा काढून आलेली अख्ख्या बेंगळुरूत मी एकटीच असेन!

मग मी काय केलं? पहिल्या पगारातून स्टिअरिंग आणलं, टेबलाला आवळायचं, खाली तीन पेडल... सिम्युलेटर. खेळच, पण त्याला दयामाया नाही. वळणावर चाक हातातून हिसकून घेतं, मनगटं भरून येतात. टायर गरम व्हायच्या आत जोर केलात की गाडी घसरलीच. ब्रेक जरा उशिरा दाबलात की भिंत, आणि भिंत म्हणजे भिंत! चाक निखळलं, शर्यत संपली, बसा बघत. एका वळणासाठी मी दोन महिने घालवले, दोन महिने!

आणि बाहेर हॉलमध्ये माझा चुलतभाऊ रघुनंदन. वय एकवीस, सोफ्यावर आडवा, हातात कंट्रोलर, मोठ्या टीव्हीवर त्याचा तो रंगीबेरंगी रेसिंगचा खेळ. ब्रेक कशासाठी असतो, तर गाडी स्टाइलमध्ये घसरवण्यासाठी! विजेचे खांब पापडासारखे मोडतात, फळांचे ठेले उडतात, उडवल्याबद्दल वर गुण मिळतात! दरीत पडला तर? दोन सेकंद लुकलुक, की गाडी कोरी करकरीत, रस्त्याच्या मधोमध! काका शेजारी बसून मांडीवर थाप मारणार, "वा रे पठ्ठ्या! हात बघ कसा साफ! आणि तू गं संहिता? दोन महिने एकाच वळणावर?" मी म्हटलं, "काका, माझ्या खेळात गाडी खरी मोडते." तर म्हणतात, "मोडतेच ना! म्हणूनच मुलींच्या हातात देत नाही!" आता याला काय म्हणायचं? काही नाही, विचारायचं नाही!

गेल्या रविवारी सकाळी काकांनी रघूला खऱ्या गाडीची किल्ली दिली. लायसन्स? लर्नर होतं, तेही संपलेलं. "कोपऱ्यावरून फुलं तर आणायचीत! स्वल्प सवय होऊ दे त्याला." मी म्हटलं, "काका, त्याला ब्रेक कधी..." "संहिता!" झालं. विचारायचंच नाही, तर सांगायचं कुठून?

कोपऱ्यावर यल्लव्वा बसते. बेळगावकडची, अकरा वर्षं पालेभाजी विकते, माझ्याशी मराठीत बोलते, "काय गं पोरी, वाळलीस किती, मेथी ने की." रघूनं गाडी वळवली... आणि ती वळतच गेली, टोपलीवरून, यल्लव्वावरून. गाडी तिथंच टाकून हा पळत घरी, पांढराफटक, "अक्का, मी ब्रेक दाबला गं, पण थांबलीच नाही!" "कधी दाबलास?" "अगदी... जवळ गेल्यावर." लुकलुकली नाही हो यल्लव्वा. कोरी करकरीत होऊन उठली नाही. खुबा मोडला, दोन ठिकाणी. लोकांनी ऑटोत घालून हॉस्पिटलात नेली. दुपारी मी गेले, तर मलाच विचारते, "पोरी, परत उकिडवं बसता येईल का गं मला? बसल्याबिगर भाजी कशी विकू?" मी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी फाइलीकडे.

संध्याकाळी घरात बैठक. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस जबाब घ्यायला येणार होते. काकांचा आवाज एकदम मऊ, नुसतं लोणी! "संहिता, बाळा, लायसन्स तुझ्याकडे आहे. गाडी तू चालवत होतीस, एवढंच सांगायचं. रघूला पुढच्या महिन्यात जर्मनीला शिकायला जायचंय, त्याचं आयुष्य आहे गं. मुलगी म्हटलं की पोलीसही समजून घेतात." म्हणजे बघा! जन्मभर ज्या सीटला शिवू दिलं नाही, तिथं मला बसवणार कधी, तर माणूस चिरडून झाल्यावर!

"यल्लव्वानं पाहिलंय त्याला."

"तिला मोतीबिंदू आहे!"

"काका, त्या वेळी मी खोलीत शर्यत खेळत होते, ऑनलाइन! कुठकुठल्या देशांतले सतरा जण बरोबर होते, वेळेची नोंद आहे!"

"आता खेळातली माणसं साक्षीला आणणार? वेड लागलंय का तुला?"

रघू मान वर करेना. आई माझा हात दाबत होती, "कर ना गं एवढं. घरातलंच आहे."

घरातलं! आणि यल्लव्वाचा खुबा कुठला?

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "नाही. गाडी रघू चालवत होता. पोलिसांनी विचारलं तर हेच सांगणार, नाही विचारलं तर मी स्वतः जाऊन सांगणार."

जेवताना घास तोंडात असतानाही बोलणारे माझे काका... बंद टीव्हीकडे बघत बसले. आई उठून आत गेली. बऱ्याच वेळानं कॉफी घेऊन आली. तीन पेले. आम्ही चार.

मी आत जाऊन पाहिलं, तर दूध संपलेलं. काळीच करून प्याले. तेव्हापासून माझी कॉफी मीच करते... साखरेचा अंदाज अजून चुकतो, पण कुणी बोलतच नाही, त्यामुळे नावंही ठेवत नाही.