सहा महिने पुरेत म्हणे

हॅलो?… हो, बोला वन्सं. …नाही, वर्गात नाही. हॉस्टेलवर कपडे धुतेय, मशीन सुरू आहे, त्याचा आवाज.

…हो, आजच शेवटची तारीख. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन घरी परत यायचं, की वर्षभर इथंच परदेशात राहून जखमांच्या उपचारांचा पूर्ण डिप्लोमा करायचा… अहो ऐका ना… हो, हो, ऐकतेय. तुमचा भाऊ वाळून काटकुळा झाला. किती उतरले? …सहा किलो. वन्सं, डॉक्टर दहा वर्षं तेच सांगत होते त्यांना. मी नर्स म्हणून अठरा वर्षं रात्रपाळ्या केल्या, माझं वजन कुणी केलं नाही. …टोमणा कसला? माहिती देतेय.

…मला काय मिळालं? पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, या जखमेबद्दल तुमचं मत काय. मी मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतायत म्हणून. …हसा. भाजलेल्या पेशंटांची ड्रेसिंगं करण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण मत विचारायला कुणी आलं नव्हतं.

…घराचं काय झालं म्हणजे? घराला तर माझ्यापेक्षा जास्त फायदा. पहिल्या महिन्यात हे मिठाच्या डब्यासमोर उभे राहून मला फोनवर विचारत होते, मीठ कुठंय. तिसऱ्या महिन्यात लेकीच्या पालकसभेला गेले. …तुम्हाला नाही सांगितलं? अर्धा तास नववीच्या वर्गात बसून आले. लेक दहावीत. शेवटी शिपायानं उठवून वरच्या मजल्यावर पाठवलं. …हो, आता इयत्ता पाठ आहे. परवा तिचे गणिताचे कुठले धडे कच्चे आहेत, ते मला सांगत होते. बाप होऊन पंधरा वर्षं झाली, ओळख आत्ता झाली.

…मग हा फोन त्यांनी करायला सांगितला? …नाही? तुमचं तुम्हीच. वाटलंच. कारण काल मीच त्यांना विचारलं, येऊ का परत? आधी कढईवरचं झाकण वाजलं. मग म्हणाले, "भाजी अर्धी शिजली की गॅस बंद करत नाहीत, एवढं आता मलाही कळतं. वर्ष पूर्ण कर." …हो, तुमचाच भाऊ. मलाही विचारावंसं वाटलं, कोण बोलतंय.

…तर फॉर्म सकाळीच देऊन आले. पूर्ण वर्षाचा. …रागावलात? …वन्सं? …हॅलो?

…ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं. …वयाची अट? नाही हो, अट कसली. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसतात. …शिवणकामाचे? आहेत की, आमच्या कॉलेजात त्याचेही वर्ग आहेत. कुणासाठी हवंय? …इतकं हळू का बोलताय? यजमान शेजारी बसलेत?

…बरं. मग मी विचारते, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा. तुम्हालाच यायचंय?

…हो म्हणालात ना?

…थांबा, डोळे पुसा आधी. त्यांनी पाहिलं तर सर्दी झाली म्हणा. …पासपोर्ट आहे? …नाही. मग तिथून सुरुवात करू. उद्या ते कामावर गेले की फोन करा, सगळं सांगते.

…आत्ता त्यांना काय सांगायचं? सांगा, भावजयीला पुष्कळ समजावलं, ऐकतच नाही.

ठेवते.