चर्चचा दाखला

बॅलिमिनाच्या दवाखान्यात मी बाळाच्या लशीसाठी बसले होते. पेंगुळलेलं बाळ मांडीवर, शेजारी शाळेतल्या मॅकिल्वीनबाई आणि चर्चचे चिटणीस विल्बर्टकाका.

"काका, शुक्रवारी वर्गावर याल? पूर्वी आपले लोक बोटींनी अमेरिकेला गेले, तो धडा चाललाय."

"मी काय सांगणार?"

"चर्चच्या चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्याबद्दल सांगा. तो घेतल्याशिवाय कुणी बोटीत चढत नसे ना?"

"आमच्या चर्चमधून तर आजतागायत एकही जण दाखल्याशिवाय गेलेला नाही."

"आणि तुमची हेदर? येत्या सोमवारी कायमची टोरांटोला निघालीय म्हणे."

"तिचा दाखला व्हायचाय."

"लिहितं कोण?"

"मीच."

"मग अडलंय कुठं?"

"तीन आठवडे झाले, वर्तणूक तपासतोय."

"तीन आठवडे?"

"एकुलती एक पोर आहे, बाई. घाई करून कसं चालेल?"