चुलीमागची भिंत

लाखनीच्या चक्कीवर लाइट गेली होती. दळणाच्या रांगेत माझ्यामागं दोघी जणी आपापल्या डब्यांवर बसल्या होत्या.

"जनाबाई, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जातेस का वो अजून?"

"वर्ग बंद पडला, शकुन. पण लिवता येते आता मले."

"अन् लिवतेस कोणाले?"

"कोणाले नाही. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिवतो. दिवसभरात जे गोड वाटलं, ते एका ओळीत. काल लिवलं, वांग्याले पयलं फूल आलं."

"फुलाचं काय लिवाचं?"

"घरात सांगाले कोणी नाही न. पोरगा-सून चिखल्याले, खाणीवर. लिवलं का फूल आणखी एकडाव दिसते."

"अन् ज्या दिवशी काहीच गोड नसते?"

"त्या दिवशी मनानं लिवतो. पोरगा आला, दोनदा भात घेतला."

"म्हणजे खोटं?"

"लिवताना खोटं नाही वाटत व. माह्या बी पोटात दोन घास जास्त जातेत."

"भिंत त भरून गेली असन."

"कायले भरते? दर शनिवारी पांढऱ्या मातीनं पोतारतो, सारं पुसून जाते. एकच ओळ सोडून पोतारतो."

"पोराची?"

"नाही. ‘आज शकुन घरी आली, चुलीपाशी बसून चहा पेली, सांजपर्यंत बोलली.’"

"मी त कधीच नाही आली व तुह्या घरी."

"म्हणूनच त त्या ओळीवर पोताऱ्याचा हात नाही फिरत... लाइट आली, पाह्य. डबा सरकव."