बंदुकीची चौकशी

रायपूरला बंदुकीच्या लायसन्सच्या खिडकीपुढं, माझ्या शेजारच्या बाकावर, बँकेचा एक गार्ड आणि त्याची बायको बसले होते.

"कुमुद, लायसन्स रिन्यू व्हाले इतका टाइम काहून लागून राहिला? दिवाळीपासून बंदूक ठाण्यात जमा आहे."

"लागते टाइम."

"बंदुकीबिगर बँक मले ठेवन का?"

"घाबरू नका ना."

"खिडकीवरचा बाबू म्हणते, पोलिसाच्या चौकशीवर फाइल अटकली. आपल्या घरी तर कोणी आलंच नाही."

"आला होता हवालदार. तुम्ही पंडरीच्या बाजारात गेले होते."

"अन् तू मले आता सांगून राहिली? काय विचारलं त्यानं?"

"रागात तुम्ही घरात कधी बंदूक उचलली का, म्हणून."

"तू नाही म्हटलं ना?"

"नाहीच म्हटलं. पण मागं उभी आपली पोट्टी रडाले लागली."